गडी, घरजावई आणि लमसेना

आमच्या धर्मग्रामातील एका महाविद्यालयीन युवकाने मध्यंतरी आम्हांस विचारले, "फादर, मोल घेऊन स्त्रीची सोबत करणाऱ्या पुरुषाला मराठीत शब्दच नाही का? वर्तमानपत्रात जो तो गिगोलो असेच लिहितो." प्रश्न व्यासपीठावरून उत्तर देण्याजोगा नव्हता. तथापि एखाद्या शब्दाचे मूळ शोधण्यात काही अधर्म नाही, आणि तरुणांनी असे प्रश्न आम्हांस विचारणे सोडून दिले तर ते ज्यांना विचारतील त्यांची उत्तरे आम्हांस ठाऊक आहेत. म्हणून आम्ही थोडा अवधी मागून घेतला. शोध सुरू झाला पॅरिसच्या नृत्यगृहापाशी आणि पोहोचला थेट भामरागडच्या अरण्यात. वाटेत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम त्या परदेशी शब्दाविषयी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या स्वस्त नृत्यगृहांत येणाऱ्या मुलींना फ्रेंच बोलीत 'गिगोलेत' म्हणत. मुळाशी पाय हलविणे, नाचणे या अर्थाचे क्रियापद आहे. त्या स्त्रीवाचक शब्दावरून पुढे 'गिगोलो' हे पुल्लिंगी रूप बनले. म्हणजे येथे पुरुषाचे नाव स्त्रीच्या नावावरून आले. एरवी बहुधा उलट घडते. या शब्दाला जगभर पसरविले ते पहिल्या महायुद्धाने. 1918 साली युद्ध संपले, जर्मनी व ऑस्ट्रियाची साम्राज्ये कोसळली आणि काल घोड्यावर बसून संचलन करणारे तरुण अधिकारी आज उपाशी रस्त्यावर आले. त्यांच्यापाशी शिल्लक होते काय? एक चांगला सूट, दरबारी रीतभात आणि नाचाचे शिक्षण. बर्लिन आणि व्हिएन्ना येथील हॉटेलांनी त्यांना एकट्या येणाऱ्या स्त्रियांबरोबर नाचण्यासाठी नेमले. पुढे विख्यात चित्रपट-दिग्दर्शक झालेले बिली वाइल्डर यांनी 1926 साली बर्लिनच्या एका हॉटेलात हेच काम केले आणि त्यावर वृत्तपत्रात लेखही लिहिले. 1929 च्या सुमारास एका जर्मन गीताने तर हा शब्द घरोघर नेला. त्या गीतातील नायक हा पूर्वीचा घोडदळातील अधिकारी आहे, हे त्याच्या इंग्रजी अवतारावर ठेका धरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. आज ज्या शब्दावर लोक तोंड लपवून हसतात त्याच्या पोटात युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या एका पिढीची भूक आहे.

आता मराठीकडे वळू. या अर्थाचा रुळलेला शब्द मराठीत नाही हे त्या युवकाचे म्हणणे खरेच. मात्र मोल आणि सोबत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोटात वागविणारा एक शब्द आपल्या जिभेवर शतकानुशतके आहे, आणि तो इतका घरचा आहे की त्याकडे आपले लक्षच जात नाही. तो शब्द 'गडी'.

गडी म्हणजे सोबती, खेळातला जोडीदार. संतवाङ्मयात गोकुळातील कृष्णाभोवती जमतात ते त्याचे गडी. सवंगडी, खेळगडी हे शब्द त्याच घराण्यातले. क्रिकेटच्या वृत्तात आजही तीन गडी बाद होतात. गडी म्हणजे धट्टाकट्टा पुरुष. 'गडी अंगापिंडाने मजबूत आहे' असे आपण म्हणतो. आणि गडी म्हणजे नोकर: घरगडी, शेतगडी, सालगडी. मोल्सवर्थ यांच्या कोशाची पहिली आवृत्ती 1831 ची आणि दुसरी 1857 ची. सोबती आणि चाकर हे दोन्ही अर्थ तेथे शेजारी शेजारी नांदत आहेत. मुंबईत कोकणातून आलेल्या घरकामाच्या पोरांना 'रामागडी' म्हणत. त्याचे खरे नाव गणपत असो की सोनू, मालकिणीला तो रामाच. विदर्भ-मराठवाड्यात सालगड्याचे वर्ष पाडव्याला सुरू होते आणि पाडव्याला संपते. ठरलेले धान्य, ठरलेली रक्कम, अंगावरचे कपडे आणि वर्षभराची मेहनत असा तो करार.

जो बरोबर खेळतो तोही गडी आणि जो आपल्यासाठी राबतो तोही गडी, हे कसे झाले असावे? आम्हांस असे दिसते की जुन्या शेतीत या दोन माणसांमधली भिंत फारशी उंच नव्हती. नांगरावर, मोटेवर, खळ्यावर एकटा माणूस काहीच करू शकत नाही. त्याला दुसरा हात लागतो. तो हात आज भावकीतला असेल, उद्या मोलाचा असेल. पण मोलाच्या हाताला सोबत्याचे नाव देऊन आपण त्याला सोबत्याचा मान दिला काय, याचे उत्तर आमच्या उत्तर कोकणातील जुन्या वाड्यांनीच द्यावे. केळीच्या बागेत आणि भाताच्या खाचरात आपल्या आजोबांबरोबर दिवसभर राबणारा वारली गडी दुपारी कोठे बसून जेवत असे आणि कोणत्या भांड्यात जेवत असे, हे वयोवृद्ध वाचकांना आठवत असेल.

या 'गडी'चाच एक जोडशब्द पुढे येणार आहे. त्याआधी भामरागडला जाऊन येऊ.

गडचिरोली जिल्हा 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, छत्तीसगडच्या सीमेवर भामरागड आहे. येथे पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्या इंद्रावतीला मिळतात, आणि सीमेपलीकडे अबुजमाडचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटे. असे किती पावसाळे गेले याची गणती नाही. येथील मूळ रहिवासी माडिया गोंड. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया या तीन जमाती शासनाने विशेष असुरक्षित आदिम गटांत धरल्या आहेत, त्यांपैकी ही एक. 1973 च्या डिसेंबरात बाबा आमटे यांनी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे तेथे जाऊन राहिले, तेव्हा कोठे उर्वरित महाराष्ट्राला या कोपऱ्याचे नाव नीट कळले.

गोंडांमध्ये वधूपक्षाने हुंडा देण्याची रीत नाही. वरपक्ष वधूमूल्य देतो: धान्य, जनावरे, मोहाची दारू, कापड, काही रोकड. यात मुलीची विक्री होते असे शहरी माणसाला चटकन वाटते. त्यांचा हिशेब मात्र निराळा आहे. डोंगरउतारावरचे जंगल तोडून, जाळून केलेल्या शेतीला या भागात पेंदा म्हणतात. त्या शेतीत पेरणीपासून कापणीपर्यंत बाईचा हात असतो. शिवाय मोह वेचणे, कंद खणणे, पाणी, सरपण आहेच. मुलगी गेली की घरातले एक कर्ते माणूस गेले. ज्या घरी ती जाते त्या घराने ही तूट भरून द्यावी, इतका सरळ तो न्याय. आपल्याकडे मुलीच्या बापाने मुलीबरोबर पैसाही द्यायचा, हा न्याय त्यांना समजावून सांगण्याचा प्रयत्न एखाद्याने करून पाहावा.

परंतु ज्या मुलाच्या बापापाशी द्यायला काहीच नाही, किंवा ज्याला बापच नाही, त्याने काय करावे? त्याने स्वतःला द्यावे. तो भावी सासऱ्याच्या घरी जाऊन राहतो, ठरलेली वर्षे राबतो आणि मुदत संपली की त्याचे लग्न लागते. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली मध्य प्रांतातील जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. तेव्हा चांदा जिल्हा, म्हणजे आजचे चंद्रपूर आणि गडचिरोली, मध्य प्रांतातच होता. अशा उमेदवाराला तेथे 'लमसेना' असे नाव दिलेले आहे. मेळघाटच्या बाजूस कोरकू त्याला 'लमझना' म्हणतात. बस्तरच्या मुरियांत व्हेरिअर एल्विन यांना 'लम्हाडा' हे रूप आढळले. त्यांचा ग्रंथ 1947 चा.

तिन्ही रूपांत आरंभीचे 'लम' कायम आहे, आणि येथे भाषेच्या अभ्यासकाने थोडे थांबावे अशी जागा आहे. गोंडी ही द्राविडी भाषा, तेलुगू-कन्नडच्या नात्यातली. कोरकू ही मुंडा कुळातली, संथाळी-मुंडारीची दूरची बहीण. दोघींचे मूळ एक नाही. तरीही बायकोसाठी चाकरी करणाऱ्या तरुणाला दोघींनी एकसारख्या नावाने हाक मारावी, याचा अर्थ हा शब्द डोंगरा-डोंगरांतून, बाजार आणि जत्रा यांच्या वाटेने एका भाषेतून दुसरीत गेला आहे. रिवाज सारखा असेल तरच शब्द उसना घेता येतो. मराठी मुलुखातही हा रिवाज पसरलेला होता. ठाणे-पालघरकडील वारल्यांत त्याला 'घरोर' म्हणत आणि भिल्लांच्या बाजूस 'खंडाड्या'.

आमच्या सेमिनरीच्या दिवसांत ज्यांचे नाव आदराने घेतले जाई ते ऑस्ट्रियन धर्मगुरू फादर स्टीफन फुक्स यांनी आयुष्याची अनेक वर्षे मध्य भारतातील गोंड, भूमिया आणि कोरकू यांच्यात काढली आणि मुंबईत भारतीय संस्कृतीच्या अभ्यासासाठी संस्था उभी केली. पूर्व मंडल्यातील गोंड व भूमियांवरचा त्यांचा ग्रंथ 1960 चा आणि कोरकूंवरचा 1988 चा. मिशनरी म्हणजे दुसऱ्याच्या चालीरीती मोडणारा, असा आरोप ज्यांच्या तोंडी कायम असतो त्यांनी हे ग्रंथ उघडून पाहावेत. एल्विन यांची कथा याहून निराळी. ते भारतात आले अँग्लिकन धर्मगुरू म्हणून आणि पुढे त्यांनी आपले चर्च सोडले. पण त्यांच्या मुरियांवरील ग्रंथाचे दुर्दैव असे की, गोटुलातील तरुण-तरुणींच्या जीवनाविषयी त्यांनी जे गंभीरपणे लिहिले ते इतरांनी चवीने वाचले, आणि गावाच्या सामाईक घराचे हे साधे नाव शहरी मनात काहीतरी आंबट होऊन बसले. भामरागडकडील गोटुलात गावाच्या बैठका होतात, पाहुणे उतरतात. शब्द परक्याच्या तोंडी गेला की त्याचे काय होते याचे हे एक उदाहरण.

लमसेनाचेही तसेच झाले. त्या भागात काही काळ काम करून आलेल्या एका सुशिक्षित गृहस्थांनी आमच्यासमोर त्याचे भाषांतर 'विकत घेतलेला नवरा' असे केले. आम्ही स्वतः तिकडे गेलो असता एका वृद्ध माडिया गृहस्थांना दुभाष्यामार्फत विचारले की, सासऱ्याकडे आपण किती वर्षे राबलात? त्यांनी बोटे मोडून हिशेब केला आणि सांगितले, तीन पेंदे. वर्षे त्यांच्या मोजण्यात नव्हतीच. तीन वेळा जंगल तोडून शेत केले हे लक्षात होते. सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. उलट आपल्याकडे एखादा म्हातारा 'मी विहीर खणली' असे सांगतो तसा स्वर होता.

गिगोलो आणि लमसेना यांना एका माळेत ओवणे म्हणूनच चुकीचे ठरते. गिगोलो आपली सोबत विकतो आणि मोल घेतो. लमसेना सोबतीसाठी मोल देतो आणि ते मोल घामाचे असते. त्याच्या चाकरीला मुदत आहे. त्याला खायला-प्यायला सासऱ्याने घालायचे असते. मुदत संपली, लग्न लागले, की तो स्वतःचे घर बांधतो आणि त्या दिवशी 'लमसेना' हे नाव त्याच्या अंगावरून गळून पडते. उरतो तो जावई.

जावई हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'जामातृ' प्राकृतातून उतरत उतरत मराठीत 'जावई' आणि हिंदीत 'जमाई' झाला. यास्काचार्यांनी निरुक्तात या शब्दाची फोड 'जा' म्हणजे अपत्य आणि ते निर्माण करणारा तो जामाता, अशी केली आहे. आजचे भाषाशास्त्र ती स्वीकारीलच असे नाही. पण त्याच ठिकाणी, निरुक्ताच्या सहाव्या अध्यायात, आमच्या विषयाच्या दृष्टीने एक अनमोल नोंद सापडते. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील 109 व्या सूक्तात इंद्र व अग्नी यांच्या औदार्याची तुलना 'विजामाता' आणि मेहुणा यांच्याशी केली आहे. त्यांच्याहूनही हे देव अधिक देणारे आहेत, असा भाव. हा विजामाता कोण? यास्क सांगतात की दक्षिणेकडील लोक मोल देऊन स्त्री मिळविणाऱ्या पतीला विजामाता म्हणतात. जणू ज्याचे वरपण पुरे झालेले नाही असा वर. म्हणजे ज्याच्यात काही उणे आहे त्याला अधिक द्यावे लागते.

ख्रिस्तजन्माच्या कित्येक शतके आधी होऊन गेलेल्या एका वैयाकरणाने 'दक्षिणेकडच्या' लोकांचा म्हणून हा शब्द नोंदवावा आणि त्याच दक्षिणेच्या वाटेवरील अरण्यांत तो रिवाज विसाव्या शतकापर्यंत चालू राहावा, हे वाचून आम्ही क्षणभर थक्क झालो. यास्कांची दक्षिण म्हणजे गोंडांचा मुलूख, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु मोल देऊन आलेल्या जावयाकडे उंचावरून पाहण्याची सवय किती जुनी आहे, ते मात्र यावरून दिसते. मराठीत 'घरजावई' म्हटल्यावर जे हसू उमटते ते त्याच सवयीचे. मुलगी सासरी गेली तर तिला कोणी 'घरसून' म्हणत नाही. तिने जायचेच असते. पुरुष गेला की त्यासाठी वेगळे नाव लागते.

आता बायबल उघडू. याकोबाची गोष्ट आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकतो, पण ती बहुधा शिडीच्या स्वप्नापाशी संपते. उत्पत्तीच्या पुस्तकाचा 29 वा अध्याय लमसेनाच्या नजरेने वाचून पाहावा. भावाच्या रागाला भिऊन पळालेला, हाती काही नसलेला एक तरुण मामाच्या घरी येतो. वधूमूल्य, ज्याला हिब्रूत 'मोहर' म्हणतात, ते द्यायला त्याच्यापाशी काही नाही. शखेमने दीनेसाठी वाटेल तेवढा मोहर देऊ केला होता. दाविदाकडे शौलाने मोहर म्हणून शंभर पलिष्ट्यांचे प्राण मागितले. याकोबापाशी फक्त दोन हात होते. लाबान त्याला विचारतो, तू माझा नातलग म्हणून फुकट का राबावेस? तुझे वेतन सांग. येथे 'वेतन' या अर्थी जो हिब्रू शब्द आहे तो मोलकऱ्याच्या शब्दाच्याच धातूपासून आलेला आहे. राहेलसाठी सात वर्षे, असे ठरते. प्रेमामुळे ती सात वर्षे त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, असे शास्त्र सांगते. लग्नाच्या रात्री लाबान फसवणूक करतो, लेआ पदरात पडते, आणि राहेलसाठी आणखी सात वर्षे.

याकोबाच्या चाकरीसाठी मूळ संहितेत जे क्रियापद आहे तेच पुढे निर्गमाच्या पुस्तकात मिसर देशातील इस्राएलाच्या गुलामगिरीसाठी येते. सेमिनरीत हे शिकताना आम्ही त्याकडे व्याकरण म्हणून पाहिले होते. याकोब स्वतः 31 व्या अध्यायात लाबानाला हिशेब ऐकवितो: वीस वर्षे, त्यांतली चौदा दोन मुलींसाठी आणि सहा कळपासाठी, दिवसा ऊन, रात्री थंडी, डोळ्याला झोप नाही, आणि माझे वेतन तू दहा वेळा बदललेस. पश्चिम आशियातील त्या मेंढपाळाच्या जागी आपल्या शिवारातील एखादा सालगडी उभा करा. एक शब्दही बदलावा लागणार नाही.

त्याच अध्यायात राहेल आणि लेआ बोलतात. एरवी एकमेकींचा हेवा करणाऱ्या या दोघी बहिणी येथे एका सुरात बापाविरुद्ध तक्रार करतात: त्याने आम्हांला परक्या समजून विकले आणि आमचे मोल खाऊन टाकले. सासऱ्याने जावयाची मेहनत घेतली, पण त्या मेहनतीतून मुलींच्या हाती काहीच आले नाही. वधूमूल्याच्या बाजूने वर आम्ही जो न्याय मांडला त्याला ही स्त्रियांनी लावलेली कसोटी आहे आणि ती भामरागडलाही लागू पडते. मुलाने राबण्याचे कबूल केले; मुलीने त्याला कबूल केले काय? गोंडांत न आवडलेल्या मुलाबरोबर न जाता दुसऱ्याबरोबर निघून गेलेल्या मुली असतात आणि जमात दंड घेऊन ते मान्यही करते. तरी ज्या घराने तीन वर्षे चाकरी करून घेतली त्या घरातील मुलीला 'नाही' म्हणणे किती अवघड जात असेल, याची कल्पना करता येते. चर्चच्या कायद्यानुसार वधूवरांची मुक्त संमती हाच विवाहाचा पाया आहे. 1983 च्या धर्मसंहितेतील 1057 वे कलम तेच सांगते. विवाहापूर्वीची चौकशी करताना आम्ही प्रत्येक मुलीला एकटीला बसवून हा प्रश्न विचारतो. तेव्हा हुंड्याची बोलणी, हॉलचे बुकिंग आणि छापून आलेल्या पत्रिका यांच्या ओझ्याखाली तिचे 'होय' किती मुक्त असते, हा प्रश्न आम्ही आमच्या मनाला विचारतो. आपणही विचारावा.

आता तो राहिलेला जोडशब्द: 'लग्नगडी'.

हा शब्द भामरागडचा नाही. तो आमच्या अगदी शेजारचा, डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यातला. वारली तरुणाला लग्नासाठी पैसे लागत: ताडी, भात, लुगडे, जेवण. रक्कम मोठी नसे. ती तो जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून उचलत असे आणि तिच्या फेडीसाठी त्याच्याकडे राबायला जात असे. लग्न झाल्यावर बायकोही त्याच दारी राबू लागे. लिहिता-वाचता येत नसल्याने हिशेब मालकाच्या वहीत. व्याज, दंड, आजारपणातले खाडे, सणाला घेतलेले चार शेर भात असे सारे त्या वहीत चढत जाई आणि कर्ज कधी फिटतच नसे. मारहाण तर होतीच. बायकांवर जे अत्याचार होत ते या पानांवर लिहिण्याजोगे नाहीत. मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी 1930 च्या दशकाच्या अखेरीस आदिवासी भागांची पाहणी करून अहवाल दिला. त्यात या वेठबिगारीचे चित्र आले, म्हणजे ही गोष्ट सरकारदरबारी ठाऊक नव्हती असे म्हणण्याची सोय नाही.

घरोर आणि लग्नगडी ही दोन्ही एकाच वारली समाजातली. दोन्हींत लग्नासाठी पुरुष राबतो. पण घरोर भावी सासऱ्याकडे राबे. त्याचा धनी त्याच्याच जमातीचा, त्याच्यासारखाच गरीब, त्याच चुलीवरचे खाणारा. आणि मुदतीअखेर तो घरातला होई. लग्नगड्याचा धनी परका होता. त्याला ना मुलगी द्यायची होती, ना जावई हवा होता. त्याला हात हवे होते आणि ते कायमचे. मुदतीऐवजी तेथे वही होती. लमसेना हे नाव तीन पेंद्यांनी गळून पडते. लग्नगडी हे नाव मरेपर्यंत चिकटे आणि पुष्कळदा मुलाकडे जाई. सोबत्याला दिलेला 'गडी' हा गोड शब्द, त्याला 'लग्न' हा मंगल शब्द जोडला, आणि दोहोंतून निघाला तो गुलाम.

1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळील झरी येथे वारल्यांची मोठी परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे किसान सभेचे दांपत्य तिच्यामागे होते. वेठ बंद, लग्नगडी बंद, दिवसाला बारा आणे मजुरी अशा मागण्या होत्या. त्यानंतरच्या काही आठवड्यांत वारल्यांनी मिरवणुकीने जमीनदारांच्या वाड्यांवर जाऊन लग्नगड्यांना सोडवून आणले. कायदा होण्याची वाट त्यांनी पाहिली नाही. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात पाच जण ठार झाले. गोदावरीबाईंनी पुढे 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात हा इतिहास लिहिला. ते 1970 साली प्रसिद्ध झाले आणि 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या आधीच्या पिढीतील धर्मगुरू आणि धर्मग्रामस्थ लाल बावट्याकडे संशयाने पाहत, आणि त्याला कारणेही होती. पण मजुराचे अडविलेले वेतन देवाच्या कानी आक्रोश करते, असे संत याकोबाच्या पत्रात लिहिलेले आहे, आणि योग्य वेतनाचा आग्रह पोप लिओ तेरावे यांनी 1891 सालीच आपल्या परिपत्रकात धरला होता. झरी आमच्या गावांपासून किती दूर होते? गाडीने काही तासांच्या अंतरावर.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा देशाला मिळाला तो 1976 साली. या कायद्यातील एका व्याख्येखाली, ज्या रूढ पद्धतींत वेठीचा करार गृहीत धरावा त्यांची देशभरातील नावे दिली आहेत. गुजरातची 'हाली' तेथे आहे, तेलुगू मुलुखाची 'वेट्टी' आहे, 'कमिया' आहे, 'नित-मजूर' आहे, 'सेवक' हाही शब्द आहे. तीसएक नावांच्या त्या यादीत 'लग्नगडी' नाही. तोवर वारल्यांनी तो शब्द तीस वर्षे मागे टाकलेला होता.

भामरागडकडेही काळ हलला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यानंतर गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावाला 2009 साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि मागोमाग जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा तेंदूपाने व बांबू स्वतः विकू लागल्या. हंगामात तरुणाच्या हाती रोकड येते. ज्याला पूर्वी तीन पेंदे तोडावे लागले असते तो आज वधूमूल्य रोख मोजू शकतो, आणि शाळा शिकलेली मुलगी त्याला सरळ विचारू शकते की, पैसे बाबांना दिलेस, मला काय विचारलेस? लमसेना हा शब्द त्यामुळे म्हाताऱ्यांच्या तोंडीच अधिक राहील असे दिसते. त्याची जागा 'घरजावई' घेतो आहे, आणि त्या मराठी शब्दाबरोबर आपले मराठी हसूही तेथे पोहोचले आहे.

'गडी'ची मात्र एक लकब अजून शाबूत आहे. मुली, बायका आपसांत 'गडे' म्हणतात. 'ऐक ना गडे', 'जा गडे'. हे संबोधन आम्ही आमच्या आईच्या तोंडून ऐकले, शेजारणींच्या तोंडून ऐकले. घरातल्या नोकराला 'गडे' अशी हाक मारलेली आम्ही कधीही ऐकली नाही.